ऐक गो कोंबडे

प्रयागबाई कोंबडीशी बोलायची, पण ते बोलणं कोंबडीसाठी नसतं हे सगळ्या हेदकोंड वाडीला ठाऊक होतं. बहुधा कोंबडीलाही ठाऊक असावं, कारण ती कधी मान वर करून बघायचीसुद्धा नाही.

"ऐक गो कोंबडे," मागीलदारी भांडी घासता घासता प्रयागबाई म्हणायची, "आज कुळथाचं कळण केलंय. वाटीभर जास्तीच झालंय बघ. आता त्ये मी कुंपनाजवळच्या दगडावर ठेवनार हाय. मांजरानं खाल्लं तर खाऊ दे."

वाटी दगडावर जायची. प्रयागबाई पाठ करून घरात शिरायची आणि मग कुंपणापलीकडचं मांजर हळूच हात लांब करून वाटी उचलायचं. त्या मांजराचं नाव आवडी. ती प्रयागबाईची धाकटी जाऊ.

लेकी बोले सुने लागे, अशी आपल्याकडे म्हण आहे. प्रयागबाईच्या घरात सून नव्हती, लेक नव्हती, एक पिसं झडलेली तांबडी कोंबडी होती. दोन जावांचं सगळं बोलणं तिच्या डोक्यावरून चालायचं. धारेला गाय किती उतरली, आवडीच्या नवऱ्याचा, पांडूचा, मुंबईहून फोन आला का, रात्री खोकला होता तो कसा आहे, सगळं कोंबडीला विचारलं जायचं. आवडीही पलीकडून उत्तर द्यायची ते कोंबडीलाच. "सांग गो तिला, खोकला बरा हाय. अडुळसा लागू पडला." कोंबडी दाणे टिपत राही.

कारण आवडी वाळीत होती.

शहरात आपण हा शब्द थट्टेत वापरतो. चार दिवस कुणाचा फोन आला नाही की म्हणतो, काय, आम्हाला वाळीत टाकलंत काय? पोलादपूरच्या डोंगरात, कापड्याच्या वर, वीसेक उंबऱ्यांच्या वाडीत त्या शब्दाचा अर्थ फार साधा आणि फार लांब असतो. गावकी बसते, देवीपुढे नारळ ठेवला जातो, आणि त्या घटकेपासून त्या घराशी कुणी बोलायचं नाही. त्यांच्याकडून विस्तव घ्यायचा नाही, त्यांना द्यायचा नाही. लावणीला त्यांच्या शेतात उतरायचं नाही. देवळाची पायरी त्यांना बंद. त्यांनी हाक मारली तर ओ द्यायची नाही, आणि जो देईल त्याला दंड, किंवा तोही त्याच वाटेने. मेल्यावर खांदा नाही, हे वेगळं सांगायला नको. त्या काळी याच्याविरुद्ध दाखवता येईल असा नीटसा कायदाही नव्हता, आणि असता तरी तो डोंगर चढून वर कोण नेणार होतं?

आवडीशी बोलायचं नाही, एवढंच गावकीने ठरवलं होतं. कोंबडीबद्दल कुणी काही म्हटलं नव्हतं. गावकीचा म्होरक्या, गावकर रावजी एकदा त्यावरही बोलणार होता म्हणतात, पण कोंबडीसाठी देवीपुढे नारळ ठेवायचा तर लोक हसतील, म्हणून गप्प बसला.

आवडीचा गुन्हा एका वाक्याचा होता.

त्याच्या आदल्या वर्षीच्या जुलैत या तालुक्यांतल्या डोंगरांनी माणसं पोटात घेतली होती. त्या चिखलातून बाहेर काढलेल्या मृतांत महाडच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या सुनीतीबाईंची एक विद्यार्थिनी होती. त्यानंतर सुनीतीबाईंची झोपच गेली. त्यांनी कॉम्प्युटरवर तालुक्याचा नकाशा मांडायला घेतला. कुठला उतार किती, माती कुठली, झाडं किती, घरं कुठे. उपग्रहाने काढलेली जुनी आणि नवी चित्रं एकावर एक ठेवली की कुठलं रान उतरलं ते दिसायचं. वाड्यावाड्यांतून पाऊस मोजून कुणी फोनवर आकडा कळवला की तो त्यात भरायचा, आणि मग नकाशावरची वाडी हिरवी, पिवळी नाहीतर लाल व्हायची. डोंगर बोलत नाही, तर त्याच्या वतीने यंत्राने बोलावं, असा बाईंचा सरळ हिशेब होता.

हेदकोंडाच्या माथ्यावर चित्रात एक मोठं टक्कल दिसत होतं. जुन्या चित्रात तिथे गर्द हिरवं होतं. म्हणून बाई लॅपटॉप घेऊन वर आल्या, रावजीच्या ओटीवर बसल्या आणि विचारलं, "इथलं रान कुठे गेलं?"

"वणवा लागला व्हता, म्याडम," रावजी म्हणाला. ओटीवरच्या सगळ्या माना हलल्या.

आवडी पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. ती काही बंडखोर बाई नव्हती. म्याडमच्या यंत्रात चुकीची माहिती जाईल, एवढंच तिला वाटलं. ती म्हणाली, "वणवा कुठला बाय? कोळशेवाल्यानं तोडलंय. भट्ट्यांची राख हाय की अजून वर."

झालं. गावकीने देवीच्या देवळाला स्लॅब घालायला माथ्यावरचं रान कोळशेवाल्याला दिलं होतं. गावच्या मुंबईकर मंडळाची संमती होती, निम्मं तोडून झालं होतं, उरलेलं दिवाळीनंतर तोडायचं होतं. सुनीतीबाईंनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी छापून तालुक्याला दिली आणि तोड थांबली. कोळशेवाला पाठ फिरवून गेला. झोलाईच्या देवळावर स्लॅब पडला, पण कळस चढायचा राहिला. त्या बोडक्या शिखराकडे बघून रावजी म्हणाला, "गावच्या पोटातली गोष्ट हिनं ओठावर आनली." त्याच दुपारी नारळ ठेवला गेला.

नारळावर हात ठेवणाऱ्यांत आवडीचा थोरला दीर, प्रयागबाईचा नवरा सयाजीही होता. त्याचा स्वभाव वाईट नव्हता. तो भित्रा होता, आणि आपल्या गावांतून वाईट माणसांपेक्षा भित्र्या माणसांनीच जास्त घरं बुडवली आहेत. तिकडे मुंबईत गावकऱ्यांच्या सामाईक खोलीतून पांडूची वळकटी गॅलरीत आली. तो बिचारा गोदामात झोपायला लागला आणि बायकोशी बोलता यावं म्हणून त्याने तारेविना चालणारा एक टेबलफोन वाडीत पाठवून दिला. मोबाईल चालायचे ते फक्त ओढ्यापल्याडच्या टेपाडावर, देवळापाशी. घरात वाजणारा फोन सगळ्या हेदकोंडात एकच, आणि तो वाळीतल्या घरात.

पाऊस मोजायचं नळकांडं घ्यायला वाडीत दुसरं कुणी तयार झालं नाही. आवडीने घेतलं. रोज सकाळी ती आकडा कळवायची आणि त्या निमित्ताने कुणीतरी तिच्याशी कोंबडीशिवाय बोलायचं. शिकवून झाल्यावर सुनीतीबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आवडीताई, वेळ आलीच तर वाडीला सांगाल ना?"

"सांगंन की. पन माज्याशी कोन बोलत नाय, बाय."

सुनीतीबाई हसल्या होत्या. "अहो, रुसवेफुगवे कुठे नसतात? जिवावर बेतल्यावर कुणी अबोला धरतं का?"

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. सुनीतीबाईंच्या ते अजून लक्षात आहे. फळ्यावर डोंगररांगा काढताना मध्येच त्यांचा खडू थांबतो तो या वाक्यापाशी.

पुढच्या वर्षीच्या जुलैत पाऊस बसला तो उठेना. कशेडीत दरड येऊन रस्ता बंद झाला, कापड्याला एसटी यायची थांबली, लावणी अर्धी टाकून माणसं घरात बसली. आवडीचं नळकांडं भरून वाहिलं, रिकामं केलं, पुन्हा भरलं. ओढ्याला लाल पाणी आलं होतं आणि त्यात दगडांचा घडघडाट ऐकू येत होता. तिने सकाळी तेही फोनवर सांगितलं. महाडात सुनीतीबाईंनी आकडा भरला. हेदकोंड पिवळं झालं. दुपारी जेवण झाल्यावर आवडीने पुन्हा आकडा कळवला. तो भरताच बाईंच्या डोळ्यांसमोर पिवळा ठिपका लाल झाला.

त्यांनी आधी रावजीचा मोबाईल लावला. तो बंद. मग आवडीचा टेबलफोन लावला.

"आवडीताई, तुमची वाडी लाल झालीय. वरचा डोंगर सुटू शकतो. काही भरू नका, काही बांधू नका. सगळ्यांना घेऊन देवळाच्या टेपाडावर जा. आत्ता. ऐकताय ना?"

"ऐकते बाय," आवडी म्हणाली आणि फोन तसाच सोडून धावली.

पहिली धावली ती कुंपणापलीकडे. प्रयागबाईच्या दाराला बाहेरून कडी होती. "जाऊबाय!" तिने हाक मारली. बाहेर फक्त पाऊस आणि ओढा. गोठ्यात वासरू आजारी होतं, ती तिकडे गेली असणार. गोठा वाडीच्या पार वरच्या टोकाला. तोवर बाकीच्यांना सांगू, असं म्हणून आवडी वळली.

शेजारच्या सोमाच्या बायकोने तिला येताना पाहिलं आणि पोराला आत ओढून दार लावून घेतलं. आवडीने दारावर थापा मारल्या. "वयनी, डोंगर येतोय गो! म्याडमनी सांगितलंय! पोरास्नी घेऊन देवळाकडं चल!" आतून आवाज आला नाही. पुढचं दार तसंच. त्याच्या पुढचंही. एका खिडकीतल्या म्हातारीने हात जोडून कपाळाला लावले आणि खिडकी ओढून घेतली. एक वर्षाची सवय होती. आवडीचा आवाज आला की दार लागायचं, त्यात विचार करण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

रावजीच्या ओटीवर सात-आठ पुरुष बसले होते. सयाजीही होता. आवडी अंगणात भर पावसात उभी राहून ओरडली, "गावकर, मला मागनं काय बी शिक्षा करा, पन उठा! पोरंबाळं हायत!"

रावजीने तिच्याकडे बघितलं नाही. तो सोमाकडे वळून म्हणाला, "सोमा, कुत्रं भुकतंय काय रं कुठं?"

कुणीतरी हसलं. सयाजी आपल्या गुडघ्यांकडे बघत बसला.

आवडी त्या अंगणात उभी होती आणि वाडीतली सगळी दारं लागलेली होती. वर डोंगर ढगात बुडालेला. आपल्याला तोंड आहे, पण आवाज नाही, असं तिला वाटलं. भुताचं असंच होत असेल. ते हाका मारत असेल आणि लोक म्हणत असतील, ओ देऊ नको.

आणि मग तिला घंटा आठवली.

हेदकोंडात जुनी रीत होती. आरतीशिवाय, अवेळी झोलाईची घंटा वाजली की चुलीवरचं चुलीवर टाकून, तान्हं काखेला मारून, आजाऱ्याला पाठीवर घेऊन सगळ्या वाडीने देवळापुढे जमायचं. मागे कुणी राहायचं नाही. वाघाच्या, दरोड्याच्या काळातली रीत. तिच्यासाठी कुणाला विचारावं लागत नसे. पण वाळीतल्या बाईने घंटेला हात लावायचा म्हणजे काय, हेही आवडीला माहीत होतं. एक वर्ष ती त्या टेपाडाकडे मान वर करूनही बघत नव्हती.

ती ओढ्यावरचा साकव ओलांडून पल्याड गेली, पायऱ्या चढली, आणि घंटेला लोंबकळली.

घंटा वाजली तशी दारं उघडली. तिच्या शब्दाला जी उघडली नाहीत ती तिच्या गुन्ह्याला उघडली. साकवाकडे माणसं धावली. म्हातारे पाठीवर, पोरं काखेत, आणि तेवढ्यात पुढच्यांनी पाहिलं की दोरीला कोण आहे. "आवडी! आवडीनं घंटा वाजवली! देव बाटवला रांडंनं!" मग मागे राहणारेही धावले. संतापाने माणूस जितका भराभर घराबाहेर पडतो, तितका जीव वाचवायलाही पडत नाही. काठ्या घेऊन, दगड घेऊन, शिव्या देत अख्खं हेदकोंड टेपाडावर आलं. आवडी वाजवतच राहिली. पहिली काठी खांद्यावर बसली तेव्हा तिने दोरी सोडली.

रावजीने तिला केसांना धरून पायरीवर आपटलं. ती मार चुकवत नव्हती. ती तोंडं बघत होती. सोमा आहे. त्याची बायको, पोर आहे. खिडकीतली म्हातारी आहे. सयाजी आहे, सगळ्यांच्या मागे, हातात काही नाही.

"भावजी!" ती ओरडली. "जाऊबाय कुठं हाय?"

सयाजीने खाली बघितलं.

"भावजी, जाऊबाय कुठं हाय? गोठ्यात हाय का घरात? सांगा हो! तेवढंच सांगा!"

वाळीतल्या माणसाला ओ द्यायची नाही. समोर रावजी होता, देवी होती, एक वर्षापूर्वी नारळावर ठेवलेला हात होता. सयाजीचे ओठ हलले. पण हलले तेवढेच. आवडी रांगत पायऱ्या उतरायला लागली, तिला साकवाकडे जायचं होतं, तर कुणीतरी तिचा पाय धरून मागे ओढलं. शिक्षा अजून व्हायची होती ना.

तेवढ्यात डोंगराने आवाज केला. दहा ट्रक एकदम खडी ओतत असावेत, असा. ढगातून पहिल्यांदा एक हेदाचं झाड उभंच्या उभं खाली सरकताना दिसलं, मग त्याच्यामागून रान नसलेलं ते सगळं टक्कल. लाल माती वाडीवरून गेली आणि ओढ्यात उतरून थांबली. टेपाडावर सगळे होते. घंटेचा लोळा अजून हलत होता.

सबंध हेदकोंडातून एकटी प्रयागबाई गेली.

सयाजीने हातांनी माती उपसली. ती सापडली तिच्या घरात, चुलीपाशी. दहनाला आवडीला जवळ येऊ दिलं नाही. तिने टेपाडावरून धूर पाहिला.

आता तुम्हाला वाटेल, लोकांचे डोळे उघडले असतील. गोष्टीत उघडतात. हेदकोंडात असं झालं की तिसऱ्या दिवशी रावजी म्हणाला, "वाळीतल्या बाईनं घंटेला हात लावला, आनि लगीच डोंगर आला. देवीचं देऊळ बघा, स्लॅबचा टवका नाय उडाला. आता अजून काय दाखला पायजे?" आणि माना हलल्या. जिच्यामुळे ते श्वास घेत होते, तिच्याचमुळे घरं गेली असं त्या श्वासांनी ठरवलं. माथ्यावरच्या टकलाचं नाव कुणी घेतलं नाही, कारण त्या टकलावर सगळ्यांचाच हात होता.

कापड्याला शाळेच्या मागे पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या. सगळ्यांची एका ओळीत, आवडीची त्या ओळीपासून वेगळी, हापशाच्या पलीकडे. पांडू आला, आठ दिवस राहिला आणि नोकरी जाईल म्हणून परतला. "चल माज्यासंग," तो म्हणाला. आवडी गेली नाही. का, ते तिला सांगता आलं नाही.

पत्र्यावर पाऊस वाजला की शेडमधली माणसं उठून बसायची. कुणी म्हणायचं, घंटा वाजतेय. कुणी म्हणायचं, मातीखालनं वाजतेय. बायका पोरांच्या कानांवर हात ठेवायच्या. आवडीला घंटा ऐकू यायची नाही. तिला भांडी घासल्याचा आवाज यायचा आणि त्यापाठोपाठ, अगदी कानाशी, "ऐक गो." पुढचं काही नाही. ती वाट बघत बसायची. कोंबडी मात्र आली होती. कशी वाचली देव जाणे, चिखलातून चालत एका सकाळी आवडीच्या शेडपुढे उभी राहिली. आवडीने तिला दाणे घातले. पण तिच्याशी एक शब्द बोलणं तिला जमलं नाही.

तिचं मन एकाच जागी अडकलं होतं. घंटा वाजली तर रीतीप्रमाणे सगळे आले. मग जाऊबाय का आली नाही? तिला ऐकू आलं नाही का? का तीसुद्धा माझ्यावर रुसली, देव बाटवला म्हणून? हे विचारणार कुणाला? ज्याला माहीत होतं तो ओळीतल्या शेवटच्या शेडमध्ये राहत होता आणि तिला बघितलं की खाली बघत होता.

महाडात सुनीतीबाईंच्या पडद्यावर हेदकोंडाचा लाल ठिपका तसाच होता. तो पुसायला त्यांचा हात होईना. वरच्या ऑफिसातून कौतुकाचा फोन आला, यंत्रणा यशस्वी झाली म्हणून. सूचना वेळेत पोहोचली, एक सोडून सगळी वाडी वाचली. बाईंनी सगळे रकाने पुन्हा तपासले. पाऊस बरोबर. उतार बरोबर. माती, झाडं, घरं, फोन नंबर, सगळं बरोबर. चूक कुठे होती ते त्यांना ठाऊक होतं. आवडीने ती पहिल्याच दिवशी सांगितली होती आणि त्या हसल्या होत्या.

त्यांनी एक नवा रकाना उघडला. 'वाडीत कुणाशी बोलणं बंद आहे का? किती घरं?'

ऑफिसातला साहेब म्हणाला, "मॅडम, हे पर्यावरणात कुठे येतं?"

"माझ्या नकाशात येतं," सुनीतीबाई म्हणाल्या. "सूचना माझ्या कॉम्प्युटरपासून निघते, पण शेवटचा कोस ती माणसाच्या तोंडून जाते. ते तोंडच बंद केलेलं असेल तर मी कशाचा नकाशा काढतेय?"

मग त्या वाडी-वाडीला गेल्या. वरंधकडे गेल्या, कशेडीच्या पायथ्याला गेल्या. सगळीकडे आधी उत्तर यायचं, "छे, आमच्यात तसलं काय नाय." बाई बसून राहायच्या. चहा व्हायचा. मग कुणीतरी उठताना दुसरीकडे बघत हळूच म्हणायचं, "त्ये वरचं घर हाय एक." रकाना भरत गेला. इतका भरेल असं त्यांनाही वाटलं नव्हतं.

भात झोडून झाल्यावर त्या कापड्याला आल्या. शाळेच्या व्हरांड्यात बाकावर लॅपटॉप उघडला. शेडमधले सगळे जमले. आवडी हापशापाशीच थांबली, कोंबडी तिच्या पायात. बाईंनी नवी वस्ती कुठे बसवावी ते नकाशावर दाखवलं, रान पुन्हा कुठे लावायचं ते दाखवलं, आणि मग तो प्रश्न मोठ्याने वाचला.

"आमच्यात तसलं काय नाय," रावजी म्हणाला. "लिवा, नाय."

बाईंनी काही लिहिलं नाही. त्या रिकाम्या चौकटीत एक छोटी रेघ उघडझाप करत राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते.

सयाजी उठला. लघवीला चालला असेल असं शेजारच्याला वाटलं. तो ओळीतून बाहेर पडला, मैदान ओलांडून हापशाकडे गेला आणि आवडीपासून चार हातांवर उभा राहिला. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. तो खाली, तिच्या पायांशी बघत होता.

"ऐक गो कोंबडे," तो म्हणाला. "तिला सांग..."

"भावजी," आवडी म्हणाली. "कोंबडीला नका सांगू. कोंबडीला सांगनारी गेली. माज्या तोंडाकडं बघून सांगा."

सयाजीने मान वर केली. एक वर्ष आणि वर किती महिने, त्याने हा चेहरा समोरून पाहिला नव्हता. भावाची बायको म्हातारी दिसायला लागली होती.

"घरात हाय," तो म्हणाला. जणू ती आत्ताच विचारत होती. "घरात हाय, आवडे. गोठ्यातनं आलेली. घंटा झाली तशी मी घराकडं पळालो, म्हनलं, चल, आवडीनं घंटा वाजवली, समदे निघालेत. ती चुलीपाशी बसली व्हती. म्हनली, तुमी तिला माराय चाललाव. मी नाय येत. माज्यानं बघवनार नाय. आनि पुन्ना फुंकनी घेतली. तू इचारलंस मला. दोनदा इचारलंस. मी बोललो असतो तर तू गेली असतीस. नायतर मी गेलो असतो. येक शबुद व्हता गो. घरात. तेवढाच व्हता."

आवडी मटकन खाली बसली. सगळी वाडी तिला मारायला आली म्हणून वाचली होती. एकटी प्रयागबाई आली नव्हती, कारण तिचा जीव आवडीवर होता. आवडीने तोंडात पदर कोंबला, आणि मग तो काढून टाकला आणि मोठ्याने रडली. मातीखालच्या माणसासाठी तिला रडूही दिलं गेलं नव्हतं, ते रडणं आत्ता आलं. सयाजी तिच्यासमोर मातीत बसला आणि तोही रडत राहिला.

व्हरांड्यातून रावजी ओरडला, "सयाजी! नारळावर हात ठेवलायस तू! तिच्याशी बोलतोस? आजपास्नं तू पन वाळीत!"

सयाजी उठला. डोळे पुसले नाहीत. तो तसाच व्हरांड्यापर्यंत चालत आला, भित्रा माणूस तो. रावजीला ओलांडून तो बाकापाशी उभा राहिला.

"म्याडम, तुमचा रकाना भरा," तो म्हणाला. "आमच्या वाडीत हाय तसलं. लिवा. दोन घरं."

सुनीतीबाईंनी दोनाचा आकडा लिहिला. मग त्यांनी मान वर केली आणि जमलेल्या एकेका तोंडाकडे पाहिलं. सोमाकडे, त्याच्या बायकोकडे, खिडकी ओढून घेणाऱ्या म्हातारीकडे. लॅपटॉप त्यांनी बंद केला नाही. आकड्यापुढची ती रेघ उघडझाप करत होती, आणि अजून कुणी काही सांगणार आहे का, याची त्या वाट बघत होत्या.